पडद्यावरचा हंडा

भिकुबाई शिंदखेड्याच्या टॉकीजमध्ये लेडीजच्या दारावर नऊ वर्षं बसली, आणि त्या नऊ वर्षांत तिने एकाही पिक्चरचं खरं नाव लक्षात ठेवलं नाही. पोस्टरवर काय छापलंय ते मुंबईवाल्यांनी बघावं. तिची स्वतःची नावं होती. घोड्याचा पिक्चर, जुळ्या भावांचा पिक्चर, ज्यात अडीच तास नुसत्या गाड्याच जळतात तो धुराचा पिक्चर. बायका तिकीट पुढे करायच्या आणि हात तसाच ठेवून विचारायच्या, "कसा शे वं, भिकुबाई?" तिकिटाचे दोन तुकडे होईपर्यंत निकाल लागलेला असायचा.

"गाणा चांगला शेतस. बाकी वखतले झोपी घ्या."

कोणी रागावलं तर रागावो. पैसे भरून बसलेल्या बाईला खोटं सांगायचं नाही, हा तिचा नेम. शालिग्राम शेठ, टॉकीजचे मालक, तिला कितीदा म्हणाले असतील, "भिकुबाई, तू गिऱ्हाईक आत घ्यायला बसली आहेस की हाकलायला?" ती म्हणायची, "शेठ, आज खोटं बोलले तर पुढल्या शुक्रवारी ही बाई येणार नाही." हिशेब त्यांनाही कळत होता. बेटावद, नरडाण्याकडच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायच्या त्या भिकुबाईने हो म्हटलं म्हणूनच.

ही नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळाली होती. मगन टॉकीजची पोस्टरं चिकटवायचा, भोंग्याच्या हातगाडीमागे गावभर फिरायचा. ऐंशी साली चार दिवसांच्या तापात गेला. त्याआधी आणि त्यानंतरही, नोकरी सांभाळून, काही वर्षं भिकुबाईने लोकांच्या घरी पाणी भरलं. बुराई नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरायची, झिऱ्याला पाणी सुटेपर्यंत वाट बघायची, वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढ चढून पेठेत आणून ओतायचा. दिवसाला अठरा-वीस खेपा. मान आखडली ती कायमचीच.

त्यामुळे पिक्चर बघायची तिची तऱ्हा निराळी होती. बाकावर जागा तिला नव्हतीच. दाराचा पडदा बोटाने सारून ती उभ्याउभ्या तुकड्यातुकड्यांनी बघायची, आणि बघायची ती हात. हिरॉईन जात्यावर बसली की खुंटा कसा धरला ते. पिठात हात घातला की पीठ कोपरापर्यंत गेलं का नुसतं बोटांच्या टोकाला लागलं ते. कापूस वेचणारी म्हणून दाखवलेली बाई दोन्ही हातांनी वेचते का एकाच हाताने फुलं तोडल्यासारखी करते, ते. नटीला एका हाताने कापूस वेचताना पाहिलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "हिले शेतमां उभी कर म्हना एक दिन," ती पडद्यामागून पुटपुटायची, आणि शेवटच्या बाकावरच्या बायका हसायच्या.

टीव्हीचीही तीच गत. सत्त्याऐंशी साली शेजारच्या प्रमिलाबाईंच्या घरी टीव्ही आला. प्रमिलाबाई मास्तरांच्या बायको, मनाने मोठ्या, दार उघडं ठेवायच्या. आठवड्यातून एकदा एका बड्या घराण्याची मालिका लागायची आणि अख्खी गल्ली तिथे लोटायची. त्या हवेलीत चाळीस माणसं होती. चाळीस माणसं जेवायची, रुसायची, जिन्यावर उभी राहून एकमेकांना घालून पाडून बोलायची. पण भांडी कोण घासतं ते वर्षभरात एकदाही दिसलं नाही. भिकुबाई एके दिवशी उठून म्हणाली, "या घरनी मोरी कथी शे?" म्हणजे या घरात मोरी आहे तरी कुठे. गल्लीने तिला खाली बसवलं. त्याच सुमाराला दुपारच्या वेळी, जेव्हा कोणी बघत नाही आणि बहुतेक वेळा वीजही नसते, एका गावोगाव हिंडणाऱ्या नर्सची तेरा भागांची मालिका लागली. ती नर्स बांधावर बसून चपलेतली वाळू झटकायची आणि मग पुढे जायची. भिकुबाईने त्यातले सहा भाग पाहिले आणि सात विजेने खाल्ले. गल्लीत तिने सगळ्यांना सांगितलं, ही खरी बाई आहे, हिला बघा. कोणी पाहिलं नाही. ती मालिका पुन्हा दाखवाल का, असं पत्र पाठवून विचारावं म्हणून तिने मास्तरांकडून कार्डही लिहून घेतलं. उत्तर आलं नाही, आणि त्या जागी दुसरी हवेली सुरू झाली.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की असली नजर असलेल्या बाईने आयुष्यात एकदाच चुकीचा निकाल दिला, आणि तो स्वतःच्या पोरीच्या बाबतीत दिला.

शहाऐंशीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला खान्देशात दिवाळीपेक्षा मोठा मान. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, चार दिवस कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. भिकुबाईची एकुलती एक लता पिंपळनेरला दिली होती, तीही आली. डावा हात पंच्याने गळ्यात बांधलेला. विहिरीवर पाय घसरला म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसली आणि एका हाताने जमेना, तेव्हा पिठाकडे बघत हळूच म्हणाली, "माले वापस धाडू नको, माय."

भिकुबाईने ऐकलं, आणि तिला धडकी भरली. एकटी बाई, दारावरची नोकरी, पोरगी नवऱ्याला सोडून आली म्हटलं की गाव काय बोलेल. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, "चाल, आज पिच्चर देखू."

टॉकीजला तेव्हा बांगड्यांचा पिक्चर लागला होता. पाचवा आठवडा चालू होता आणि ट्रॉल्या मावत नव्हत्या. त्यातल्या सुनेला सगळे छळतात. नवरा दारू पितो, हात मोडतो, सासू उपाशी ठेवते. ती मोडक्या हाताने विहिरीवरून पाणी आणते, डोक्यावर हंडा, मागे दुःखाचं गाणं. आणि शेवटच्या रिळात नवरा तिच्या पायावर डोकं ठेवतो, सासू स्वतःच्या हाताने तिला बांगड्या भरते. लेडीजमधल्या बायका पदर तोंडात कोंबून रडायच्या. भिकुबाईने त्या दिवशी पहिल्यांदा दारावर दुसऱ्या बाईला बसवलं आणि बाकावर बसून, पोरीच्या बाजूला, अख्खा पिक्चर पाहिला. विहिरीच्या गाण्याला ती हमसून हमसून रडली. लताने तिच्या पाठीवर उजवा हात ठेवला.

घरी येताना भिकुबाई म्हणाली, "देखं ना. सहन करं, तं फळ भेटनं." लताने गळ्यातला पंचा नीट केला. दुसऱ्या दिवशी तिने आपली पिशवी भरली आणि न सांगता बसला बसली. भिकुबाईला वाटलं, पिक्चरने काम केलं. पुढे चार महिने ती दारावरच्या प्रत्येक बाईला सांगत होती, असा पिक्चर होणे नाही.

त्यानंतर दोन आखाज्यांना पिंपळनेरवाल्यांनी लताला धाडलंच नाही. एकदा घरात लग्न होतं, एकदा म्हैस व्यायला आली होती.

मधल्या काळात पोळ्यांचा पिक्चर येऊन गेला. त्यात एक बाई नवऱ्याचं घर सोडते आणि एसटी स्टँडवरच्या हॉटेलात पोळ्या लाटते. बस्स, एवढंच. कोणी कोणाच्या पायावर पडत नाही. शेवटी ती भाड्याच्या खोलीला कुलूप लावते, ओढून बघते आणि कामाला जाते. भिकुबाई पडद्याला बोट लावून उभी राहिली ती हललीच नाही. त्या नटीला खरंच पोळ्या लाटता येत होत्या. ती पाण्याची घागर घेऊन यायची तेव्हा कमर एका अंगाला गेलेली, मानेची शीर तटतटलेली, आणि खांद्यावरून पदर ओला. पाणी हिंदकळलं की तिथेच सांडतं. ते भिकुबाईला जन्मापासून माहीत होतं.

त्या आठवड्यात तिने दारावर जिवाचं रान केलं. "हा देखा," प्रत्येकीला सांगितलं.

"रडाले येस का?" बायकांनी विचारलं.

"नही."

"मंग काय देखानं?"

आणि गेल्या परत. अकरा बायका होत्या पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी चार. शेठने सोमवारी रिळांची पेटी परत पाठवली आणि मारामारीचा एक भंगार पिक्चर आणून लावला. भिकुबाई त्यांच्याशी भांडली. शेठ म्हणाले, "तूच त्यांना रडायची चटक लावलीस. बांगड्यांच्या पिक्चरला चार महिने कोण नाचत होतं?" ती चडफडत दारावर जाऊन बसली.

एकोणनव्वदच्या आखाजीला शेठने बांगड्यांचा पिक्चर पुन्हा आणला. हातगाडीवरचा भोंगा गावभर ओरडत होता: सासू-सुनेच्या जोडीला एकच तिकीट. शुक्रवारी बाराच्या खेळाला लेडीज तुडुंब. भिकुबाई पडदा सारून उभी राहिली. विहिरीचं गाणं सुरू झालं, बायकांचे पदर तोंडाकडे गेले, आणि हिरॉईन डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढू लागली.

हंडा रिकामा होता.

यात बघायचं काय मोठं. बाईची मान सरळ, चाल हलकी. हंडा डोक्यावर टकटक उडत होता. भरला हंडा असा उडत नाही, तो बसतो, आणि बाईला बसवतो. वळताना तिने तो दोन बोटांनी सावरला. दोन बोटांनी. ज्या बाईचा दुसरा हात मोडलाय, ती वीस लिटर पाणी दोन बोटांनी सावरत होती, आणि मागे व्हायोलिनं रडत होती.

भिकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नटीवर नाही, त्या बिचारीला कोणी सांगितलं असेल की रिकामाच घे. तिला राग आला तो स्वतःचा. अठरा-वीस खेपा भरलेल्या बाईला हे तीन वर्षांपूर्वी दिसलं नव्हतं. बाकावर बसून ती नटीच्या तोंडाकडे बघत रडत राहिली होती. जन्मात एकदा हात सोडून तोंड पाहिलं, आणि त्या तोंडाच्या भरवशावर पोरीला परत जाऊ दिलं.

तरी ती त्या दिवशी काही बोलली नाही. नोकरी होती. शनिवारी बोलली नाही, रविवारीही नाही. बायका विचारायच्या, "तोच का वं, बांगड्यासना?" आणि ती नुसतं तिकीट फाडायची. असं कधी झालं नव्हतं. बायकांना वाटलं, बाईची तब्येत बरी नाही.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी लता आली. तीन वर्षांनी. एकटी नव्हे, बरोबर सासू, ताईबाई. दोन दिवस धाडलीय आणि परत घेऊनच जाणार, असं ताईबाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. वर म्हणाल्या, "तुमच्या टॉकीजला जोडीला एक तिकीट आहे म्हणे. परवा बाराचा खेळ बघू आणि साडेचारच्या बसने निघू."

आखाजीला घरोघर पितरांची घागर भरतात. भिकुबाईने मगनची घागर मांडली, वर खरबूज ठेवलं. पाणी लताने आणलं. ती घागर खाली ठेवायला वाकली तेव्हा भिकुबाईचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. शेवटची दोन बोटं वाकत नव्हती. घागरीच्या काठाला ती काडीसारखी सरळ राहिली.

"काय झायं?" भिकुबाईने विचारलं.

उत्तर ताईबाईंनी दिलं. "रहाटात सापडली. धांदरटच आहे आमची."

लता घागर नीट बसली का ते बघत होती. पदर खांद्यावर ओला झाला होता. भिकुबाईने पुरणपोळ्या वाढल्या, विहीणबाईंना आग्रह केला, तूप ओतलं. आतून नुसती जळत होती. पितरांपुढे कोणी रिकामी घागर ठेवत नाही. मेलेल्या माणसालाही आपण खरं पाणी देतो, आणि जित्या पोरीला तिने काय दिलं होतं? तीन तासांचा पिक्चर.

दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला ट्रॉल्यांची रांग लागली. सासवा पुढे, सुना मागे. शेठ स्वतः बुकिंगच्या खिडकीपाशी उभे. भिकुबाई दारावर. पहिल्या जोडीने तिकीट पुढे केलं आणि सवयीने विचारलं, "कसा शे वं?"

"हिरीवर हंडा देखज्यो," भिकुबाई म्हणाली. "हंडा रिकामा शे."

बाईला काही कळलं नाही. ती आत गेली. दुसरीला तेच सांगितलं, तिसरीला तेच. आवाज चढवला नाही, हात थांबवला नाही. तिकीट फाडायचं आणि सांगायचं. एक सासू म्हणाली, "मंग काय व्हई गयं?" भिकुबाई म्हणाली, "काही नही. तू फक्त देख." जोडीजोडीने दोनेकशे बायका आत गेल्या. सगळ्यांत शेवटी ताईबाई आणि लता आल्या. ताईबाईंनाही तिने तेच सांगितलं, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून. लताला काही सांगितलं नाही. तिचं तिकीट नव्हतंच, जोडीचं एक होतं.

इंटरव्हलनंतर विहिरीचं गाणं लागलं. लेडीजमध्ये नेहमीसारखी सामसूम झाली, पण पदर तोंडाकडे गेले नाहीत. सगळ्या जणी हंड्याकडे बघत होत्या. ज्या बायका पहाटे उठून पाणी भरतात, त्यांना एकदा नुसतं सांगायला हवं होतं. हिरॉईन तिसऱ्या पायरीवर आली, हंडा टकटक उडाला, आणि मधल्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आव, याच्यामां तं वाटीभर पानी नही." कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बाकच्या बाक हसू लागला. दोन बोटांनी हंडा सावरला तेव्हा तर हसण्याचा असा काही लोंढा उसळला की जेन्ट्समधले पुरुष माना वळवून बघू लागले. पडद्यावर नवरा काठी घेऊन आला तरी हसणं थांबेना. शेवटी तो तिच्या पायावर पडला तेव्हा मागून एक सून म्हणाली, "हाई बी रिकामंच शे," आणि तिच्या शेजारची सासू तिच्याकडे बघतच राहिली.

शेठ धावत आले. लेडीजच्या दाराशी येऊन त्यांनी आतला गोंधळ ऐकला, मग भिकुबाईकडे पाहिलं. चार बायकांनी त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"माझ्या टॉकीजच्या दारावर बसून?"

"नऊ वर्षं तेच करतेय, शेठ. या पिक्चरला खोटं सांगितलं होतं, ते आज फेडलं."

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले. ते फार ओरडले नाहीत. कदाचित त्यांनाही बाहेर पडणाऱ्या बायकांचे चेहरे दिसत असतील. भिकुबाईने कमरेची पिशवी सोडली, फाडलेल्या तिकिटांचे तुकडे त्यांच्या हातात दिले आणि पायऱ्या उतरली.

उन्हात ताईबाई उभ्या होत्या, चेहरा लालबुंद. "चांगला तमाशा केला," त्या म्हणाल्या. "चल लता, बस चुकेल."

लताची पिशवी तिच्या उजव्या हातात होती. भिकुबाई पुढे झाली आणि तिने ती काढून घेतली. पिशवीत दोन लुगडी होती, सांजोऱ्यांचा डबा होता. चांगली जड होती.

"तुम्ही जा, विहीणबाई," ती म्हणाली. "बस साडेचारनी शे. लता येनार नही."

ताईबाई बराच वेळ बोलल्या. गावाचं नाव काढलं, लताचा नवरा पितांबर काय करील ते सांगितलं, भाऊबंदांना घेऊन येण्याची धमकी दिली. भिकुबाईने सगळं ऐकून घेतलं. तिची मान वळतच नव्हती, म्हणून ती हलवायचीही सोय नव्हती. साडेचारची बस आली आणि ताईबाईंना घेऊन गेली.

दोघी घराकडे चालू लागल्या. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं, पेठेतली दुकानं दुपारची बंद. भिकुबाईचा राग अजून उतरला नव्हता. ती सारखी स्वतःशी बोलत होती, पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत सगळ्या पिक्चरचा उद्धार चालला होता. कोणी काढला, कोणी पैसे घातले, कुठल्या गाढवाने हंडा भरून आणला नाही. "आनि मी," ती म्हणाली, "मन्हा डोया फुटेल व्हता का तव्हय? तुले घीसन बसनू, आनि माले रिकामा हंडा दिसना नही."

लता निंबाखाली आल्यावर थांबली. झोक्याचा दोर अजून सोडायचा होता.

"माले दिसना व्हता, माय," ती म्हणाली. "तव्हयच दिसना व्हता."

भिकुबाई तिच्याकडे वळली, सगळी, पायांसकट.

"तू रडी राहिंती," लता म्हणाली. "मंग मी काय बोलू?"